उभे, डावीकडून सहावे

कोल्हापुरात शिवाजी पेठेत टेनिसचा क्लब काढणं म्हणजे तालमीच्या दारात शाकाहारी खानावळ थाटण्यासारखं आहे. इथं पोरगं चालायला लागलं की आधी फुटबॉलला लाथ घालतं. त्यात आमचा क्लब खेळायचासुद्धा नाही. आम्ही सात जण टेनिसच्या जुन्या वस्तू जमवतो. लाकडी रॅकेटी, चेंडूंचे पत्र्याचे डबे, सामन्यांची तिकिटं, फोटो, असलं काहीबाही. दर रविवारी सकाळी एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसतो आणि एकमेकांच्या वस्तू चार-चारदा हाताळतो. शेजारचा इस्त्रीवाला मला बघून दर खेपेला विचारतो, "काय बाई, भंगारात आज नवीन काय?" मीही दर खेपेला सांगते, "तू!"

या सातांत मी एकटीच बाई. गारगोटीला शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले, आता कळंब्याला असते. टेनिस मी आयुष्यात एकदाही खेळले नाही. तरी तीन वर्षांपूर्वी या खोलीत आले आणि पिशवीतून एक दाभण काढून टेबलावर ठेवलं. त्याची लाकडी मूठ हाताच्या घामानं काळी झालेली. आमच्यातले सगळ्यांत थोरले वकीलकाका, वय पंच्याऐंशी, ते दाभण उचलून म्हणाले, "हे रॅकेट विणायचं हाय. कुणाचं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांचं. तुम्ही खेळायचा त्याच क्लबावर ते मार्कर होते." काकांचे डोळेच भरून आले. "अगं, मार्करची पोरगी व्हय तू!" म्हणाले. त्या दिवसापासून त्या खोलीत मी मार्करची पोरगी. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

मार्कर म्हणजे नुसता रेघा मारणारा नव्हे. आबा उजाडायला सायकलवरून क्लबावर जायचे, मुरमाच्या कोर्टावर पाणी मारायचे, रोलर ओढायचे, चुन्याच्या रेघा मारायचे, नेट ताणायचे. मग साहेबलोक यायचे. कुणाला जोडीदार नसला की आबा समोर उभे. साहेबाला घाम तर आला पाहिजे आणि आपण जिंकलो असंही वाटलं पाहिजे, असं खेळायचं. हे भलतं अवघड काम आहे. मी नववीच्या पोरांशी बुद्धिबळात करून बघितलंय, मला नाही जमलं.

संध्याकाळी घरी रॅकेटी विणायला यायच्या. आबा भिंतीला पाठ लावून बसायचे, रॅकेट दोन्ही पावलांत धरायचे आणि तार ओढून भोकात दाभण खुपसायचे, म्हणजे ताण सुटत नसे. मधूनच नखानं तार छेडून कानाशी न्यायचे. त्या वेळी घरात कुणी बोलायचं नाही. आईची फोडणी तडतडली तरी "जरा थांब की गं" म्हणायचे. आई कपाळाला हात लावायची. "फोडणी थांबती व्हय कधी?" रॅकेट झाली की लाकडी चौकटीत घालून तिचे चार स्क्रू मला पिळायला द्यायचे, लाकूड वाकू नये म्हणून. ते स्क्रू पिळताना मला वाटायचं, सगळ्या कोल्हापूरचं टेनिस माझ्या हातात आहे. ते दिवस आठवले की अजून गलबलून येतं. आबांना जाऊन पंधरा वर्षं झाली.

तर यंदा आम्ही प्रदर्शन भरवायचं ठरवलं. एका शाळेचा हॉल मिळाला. वकीलकाकांनी घरून एक मोठा, चौकटीतला फोटो आणला. क्लबाच्या सभासदांचा, पन्नासेक वर्षांपूर्वीचा. पाच जण खुर्च्यांवर, सहा मागं उभे. मागच्या रांगेत अगदी टोकाला, बाकीच्यांपासून वीतभर लांब, आबा. अंगात कुणा साहेबानं दिलेला पांढरा शर्ट, खांद्यावरून उतरलेला. फोटो बघून मी खोलीभर नाचायचीच बाकी राहिले. फोटोखालच्या पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली नावं होती, पण बारीक, फिकट झालेली, आणि अक्षरांचा खालचा भाग चौकटीच्या पट्टीखाली गेलेला. आमच्यात नव्यानं आलेला आठवा सभासद, पुण्याहून परतलेला इंजिनिअर, म्हणाला, "मी मोबाईलवर मोठं करून वाचतो आणि छापून आणतो."

पुढच्या रविवारी त्यानं छापील पाटी टेबलावर ठेवली. बसलेले अमुक, उभे तमुक. आणि शेवटी, "उभे, डावीकडून सहावे: श्री. मार्कर."

सगळे पाटीवर वाकले. त्यानं निरागसपणे विचारलं, "हे मार गाव कुठं आलं हो? कागलकडं?"

हसून हसून पुरेवाट झाली. गारगोटीचे ते गारगोटीकर, कळंब्याचे ते कळंबेकर, आणि मारचे मार्कर! मीच सगळ्यांत जास्त हसले. मग डोळे पुसत म्हटलं, "अहो, आडनाव नव्हे ते, काम आहे. काका, सांगा यांना खरं नाव."

"कुणाचं?"

"माझ्या वडिलांचं."

वकीलकाकांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग हळूच म्हणाले, "मार्करच म्हणायचो की आम्ही."

माझं डोकंच फिरलं. "वीस वर्षं त्या माणसानं तुम्हाला चेंडू मारून दिले! तुमच्या अशिलांच्या आज्ज्यांची नावं पाठ आहेत तुम्हाला, आणि याचं एक नाव नाही? मी तीन वर्षं इथं चहा पिते, मलाही कुणी विचारलं नाही!" मग म्हटलं, "त्या पुठ्ठ्यावर आबांचं नाव आलं पाहिजे. पाटीवर नको, पुठ्ठ्यावर. बाकीच्यांचं आहे तिथंच."

आता आमच्या क्लबाचा एकच कडक नियम आहे आणि तो वकीलकाकांनीच घातलाय. जुन्या वस्तूवर नवा हात फिरवायचा नाही. एकानं खंडेनवमीला जुन्या रॅकेटला तेलपाणी करून हळदकुंकू वाहिलं, तर काका त्याच्याशी दोन महिने बोलत नव्हते. त्यामुळं ते म्हणाले, "बाई, तेवढं सोडून काय बी सांगा." मी दाभण पिशवीत टाकलं आणि उठले. "मग तुमचा फोटो तुम्हाला, माझे आबा मला."

आठवडाभर मी घरात कुणाशी धड बोलले नाही. इतकं काय लागलं मला? लागलं. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'क्लबात नोकरी' लिहायची, मार्कर लिहायची लाज वाटायची म्हणून. ती लाज आता कुठं फेडणार? एवढं एक नाव लिहिलं गेलं तर जिवाला बरं वाटेल, असं झालं होतं.

शनिवारी काकांचा फोन आला. "या उद्या. नियम गेला चुलीत."

गेले. बाकी कुणी अजून आलं नव्हतं. काकांनी फोटो चौकटीतून काढून टेबलावर मांडला होता, शेजारी बारीक निबाचं पेन. "लिहा तुमच्या हातानं," म्हणाले. मी चष्मा लावला, पुठ्ठ्यावर वाकले आणि पेन हातातच राहिलं.

अख्ख्या जन्माची शिक्षिका मी, अक्षर बघून कुणी कुणाचं उतरवलंय ते सांगणारी. 'श्री'ची वेलांटी आडवी लांब ओढलेली, 'र'चा पाय किंचित आत वळलेला. माझ्या सगळ्या वह्यांवर याच अक्षरात माझं नाव असायचं. हे आबांचं अक्षर होतं. दहाही जणांच्या आधी त्यांनी 'श्री.' लिहिलं होतं, नंतर 'साहेब' लिहिलं होतं. शेवटी एकच शब्द, मार्कर. 'श्री.' नाही, काही नाही. ते इंजिनिअरनं स्वतःच्या मनानं लावलं होतं.

मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. आणि आबांचाच राग आला. "आबा, स्वतःचं नाव लिहायला काय धाड भरली होती?" असं मोठ्यानं बोलून गेले.

काका खुर्चीत बसले. पुठ्ठा जवळ ओढून त्यावर वाकले.

"आत्ता आठवलं मला," म्हणाले. "अक्षर सुंदर म्हणून त्यालाच लिहायला बसवला होता. मी शेजारी उभा राहून एकेक नाव सांगत होतो. दहा झाली. पेन थांबवून त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, लाजतोय. मी म्हटलं, लिही की, मार्कर."

त्यांनी त्या शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "मी हाक मारली होती, बाई. नाव लिही म्हणून हाक मारली होती. त्यानं ती हाकच लिहून घेतली."

आबा काही इतके भोळे नव्हते. पण साहेबांनी जे सांगितलं ते लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. आणि दुसरं कुठलं नाव त्या क्लबावर त्यांना कुणी ठेवलं होतं? मी पेन काकांपुढं सरकवलं आणि एक कोरी पाटी ठेवली. "पुठ्ठ्याला हात नको लावायला," म्हटलं, "ते त्यांचं अक्षर आहे. पाटीवर तुम्ही लिहा."

काकांनी 'श्री.' लिहिलं आणि थांबून माझ्याकडं बघितलं. पुढचं त्यांना अजूनही माहीत नव्हतं. मी आबांचं नाव सांगितलं, त्यांच्या वडिलांचं सांगितलं, आडनाव सांगितलं, वर्गात शुद्धलेखन घालायची तसं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून.