गमालातला नापास व्हायचं होतं

फय्यूमकडच्या आमच्या गावात गमालातच्या भट्टीची रोटी न खाता वाढलेलं पोर शोधून सापडायचं नाही. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाच लेकरं एकटीनं वाढवलेली, आणि तोंडाची इतकी फटकळ की बाजारात भाजीवाले तिला बघून आपणहून चार कांदे जास्त टाकायचे. असल्या बाईला या वयात अक्षरांचं वेड लागेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं. पण लागलं खरं.

निमित्त झालं रिहामचं. शिक्षक व्हायला निघालेली ही शहरातली पोरगी आठवड्यातून तीन दुपारी शाळेत बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायला यायची. पहिल्या महिन्यात गमालातला नुसती अलिफ आणि बे ही पहिली दोन अरबी अक्षरं गिरवताना घाम फुटला. थंडी सरता सरता मात्र ती मिठाच्या पिशवीपासून दुकानाच्या पाटीपर्यंत दिसेल ते वाचत सुटली, तेही बोट ठेवून आणि मोठ्यानं. ताअमियाचे वडे बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडाही तिनं सोडला नाही.

सून वैतागली. "अम्मा, फाटका कागद तो, टाका की!"

"टाकू कशी? तो माणूस विहिरीत पडलाय, पाय मोडलाय, इथवर आलेय मी. पुढं कुणी काढला त्याला?"

सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात परीक्षेची तारीख आली. गमालात धास्तावली. नापास होण्याची भीती तिला नव्हती, भीती होती पास होण्याची. शेजारची वहीबा मागच्या साली पास झाली होती. प्रमाणपत्राला चौकट करून तिनं ते टीव्हीच्या वर टांगलं होतं.

"काय लिहिलंय गं त्यात?" गमालातनं एकदा विचारलं होतं.

"मला काय ठाऊक? माझं नाव असेल कुठंतरी."

"अगं भवाने, मग शिकलीस काय?"

"शिकू कधी? पास केलं आणि दुसऱ्या दिवशी यादीतून नाव कापलं. साक्षर झालीस म्हणाले, आता घरी बस."

म्हणजे पास झालं की वर्ग बंद! आणि गमालातचं तर आत्ता कुठं सुरू झालं होतं. जोडून लिहिलेल्या अक्षरांशी अजून अडखळायला व्हायचं, लांब ओळीत दम लागायचा. त्यात रिहामनं शिकवणं सोडून पाठांतर लावलं. शेवटचा प्रश्न दरवर्षीचा ठरलेला, तुम्हाला साक्षर का व्हायचं होतं? उत्तरही ठरलेलं, देशाची सेवा करण्यासाठी आणि मुलांना मार्गदर्शन करण्यासाठी.

"माझा धाकटा तीस वर्षांचा आहे," गमालात म्हणाली. "त्याला आता काय डोंबलाचं मार्गदर्शन करू?"

"खाला, फक्त पाठ करा ना. मार्क मिळतात."

परीक्षेच्या दिवशी गमालात हाताची घडी घालून कोऱ्या कागदापुढं बसून राहिली. परीक्षक शिहाता साहेब मायाळू माणूस. हळूच वाकून म्हणाले, "खाला, नाव तेवढं लिहा, पुढचं मी बघून घेतो. इथं कुणी नापास होत नाही."

"मी होते!" गमालातनं कागद छातीशी धरला. "हात लावून बघा माझ्या कागदाला!"

आणि झाली ती नापास, गावात पहिलीच. चार दिवस ती लग्नघरच्या विहिणीसारखी मिरवली.

पाचव्या दिवशी रिहाम दारात आली, डोळे सुजलेले. भट्टीपाशी बसली आणि भडाभडा रडायलाच लागली.

"चार माणसं पास करून दाखवल्याशिवाय आमचं कॉलेज पदवी देत नाही, खाला. माझ्या वर्गात चौघीच, त्यातल्या तीनच झाल्या. वर्ष जाणार माझं. वडील म्हणतात, आता शिक्षण पुरे."

गमालातचा हात पिठातच थांबला. "म्हणजे माझ्या कागदावर तुझी परीक्षा होती? आधी बोलायला तोंड शिवलं होतं का?"

"तुम्हाला सगळं येत होतं! तुम्ही मुद्दाम नापास व्हाल हे मला कसं कळणार?"

गमालातला भयंकर लाज वाटली. आपल्या हट्टापायी लेकीसारख्या पोरीचं नुकसान केलं, याचा तिला स्वतःचाच राग आला. फेरपरीक्षा महिन्याभरानं होती. "रडू नकोस," ती म्हणाली. "बसते मी."

फेरपरीक्षेच्या दिवशी तिनं शिहाता साहेबांना जवळ फिरकू दिलं नाही. उतारा वाचला, श्रुतलेखन लिहिलं, गणितं सोडवली, सगळं स्वतःच्या हातानं. शेवटच्या प्रश्नाशी मात्र थांबली. देशाची सेवा तिला पाठ होती. पण पास होऊनही वर्ग वाचवायची एवढी एकच जागा त्या कागदावर उरली होती. तिनं पेन घट्ट धरलं आणि एकेक अक्षर तपासत लिहिलं, "साहेब, मला अजून नीट येत नाही. लांब वाचताना मी अडखळते. मला शिकायचं आहे. कृपा करून आमचा वर्ग बंद करू नका." दोनदा वाचून पाहिलं, एका अक्षराचा नुक्ता, म्हणजे टिंब, राहिला होता तो दिला, मग कागद सोडला.

तीन आठवड्यांनी रिहाम नाचतच आली. "खाला, शंभरात चौऱ्याण्णव! गावात पहिल्या! शेवटच्या उत्तराला तर दहापैकी दहा. साहेबांनी लाल शाईत शेरा मारलाय, 'सुंदर लेखन, एकही चूक नाही.'"

गमालातनं ओढणीला हात पुसले. "आणि वर्गाचं काय म्हणाले?"

"वर्गाचं?" रिहाम गोंधळली. "वर्ग संपला ना, खाला. तुम्ही पास झालात."

"अगं, पण मी काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं का?"

"न वाचता कसे देतील दहापैकी दहा?" रिहाम म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली.