तळ्यातली गर्दी

आमची काकू शिवणकाम करते, आणि सुट्टी आली की मशीनवर कापड टाकून गळ घेऊन तळ्याकडे पळते. तिथं मात्र काकांचं राज्य! गळ टाकणाऱ्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. मंडळाची रीत अशी, की बोटभर मासा लागला की ‘बिचारं पिल्लू’ म्हणून परत पाण्यात सोडायचं. मोठा कधी लागायचाच नाही.

‘पिल्लू कसलं डोंबलाचं!’ काकू एकदा सगळ्यांसमोर कडाडली. ‘म्हातारे झालेत ते! एका ताटात शंभर जण जेवायला बसले, तर अंगाला काय लागणार? बारके काढा, घरी न्या. आणि मोठा लागला तर तो सोडा, तो बारक्यांना खाऊन गर्दी कमी ठेवील!’

काका पेटले. ‘दोन हंगाम तुझंच चालू दे. पण वीतभर मासा दिसला नाही, तर तुझा गळ कायमचा माळ्यावर!’

काकू ‘बरं’ म्हणाली खरी, पण गळ सुटला तर ही बाई वाळून जाईल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दोन हंगाम आम्ही बारके मासे खाऊन खाऊन वैतागलो. मोठ्याचा पत्ता नाही! हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. ढग, मंद वारा, पाणी जरासं गढूळ. गळाला याहून चांगला दिवस कुठला? काकू पलीकडच्या काठावर गळ टाकून बसलेली, मी इकडे काकांजवळ. आणि अहो, काकांचं तरंगणारं बूच एकदम गडप! काठी पार वाकली, पाण्यावर ही रुंद पाठ दिसली. काकांनी दोरा जरा सैल सोडला असता, तर मासा सुटला असता, पलीकडे काकूला कळलंही नसतं आणि ती हरली असती.

पण काका कसले! ‘अगं ए, धाव! जाळी आण, जाळी! तुझा मासा लागलाय मला!’ चप्पल एकीकडे, टोपी दुसरीकडे, अध्यक्ष गुडघाभर पाण्यात नाचतायत! काकू धापा टाकत आली. दोघांनी मिळून तो वर घेतला. वीत कसली, काकांच्या कोपरापर्यंत पोचला! काकू हसत होती, रडत होती, मध्येच ‘सांभाळा, सांभाळा’ ओरडत होती.

मग काकांचं तोंड बघून ती विरघळली. ‘ठेवा हो. जन्मात एकदा लागलाय.’

काकांनी हात पाण्यात बुडवले आणि मासा सोडून दिला.

‘नियम तुझाच, अध्यक्षीणबाई,’ म्हणाले, आणि तिथंच चिखलात फतकल मारून रडायला लागले. ‘पण केवढा होता गं!’