लाल पत्र्यावरून डावीकडे

झुंबरबाईंचं घर मी सहा वर्षं फक्त वरून पाहत होतो. विमानातून ते काडेपेटीएवढं दिसायचं, पण लालभडक. कर्जतच्या पूर्वेला, जामखेडच्या अंगाला, फेब्रुवारी सरला की सगळा मुलूख एकाच मातकट रंगाचा होतो. शेत कुठलं, रस्ता कुठला, ओढा कुठला, काही कळत नाही. त्यात तो एक लाल पत्रा मात्र नजरेतून कधी चुकायचा नाही.

मी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेत विमान चालवायला शिकवतो. नाव कानिफनाथ, घर नगरला सावेडीत, स्वभाव तापट. विद्यार्थी माझ्या मागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, इथे सांगत नाही.

झुंबरबाईंच्या घरापासून पुढे दहा-अकरा किलोमीटरवर लष्कराचं एक सरावाचं मैदान आहे. मैदान कसलं, माळच तो. ना इमारत, ना मनोरा. एक आखूड पट्टी, चुन्याने आखलेले चार गोल, वारा दाखवणारी कापडी पिशवी आणि रेडिओ बसवलेली एक जीप. हेलिकॉप्टर शिकणारे लष्करी वैमानिक तिथे इंजिन बंद पडलं असं धरून उंचावरून थेट खाली उतरायचा सराव करतात. अशा वेळी बाजूने आलेलं आमचं चिमुकलं विमान त्यांना दिसेलच याची खात्री नाही. म्हणून आमच्या नकाशावर त्या माळाभोवती लाल गोल काढलेला असतो. सराव कधी चालू, कधी बंद, ते आधी कळवलं जातं. चालू असेल तर गोलाच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि जवळून जायचं तरी जीपमधल्या साहेबांना रेडिओवर सांगून जायचं. नियम सोपा आहे. अडचण एवढीच, की नकाशावरचा गोल जमिनीवर कुणी काढून ठेवलेला नसतो.

त्यासाठी घड्याळ, होकायंत्र आणि नकाशा. मी तेच शिकवतो, घसा फोडून शिकवतो. आणि सगळं शिकवून झालं की शेवटी म्हणायचो, "हे बघ, कारखान्याच्या धुराड्यावरून निघ, तलाव उजव्या हाताला ठेव, लाल पत्रा आला की डावीकडे वळ." आमच्या शाळेत हे वाक्य कुणी सुरू केलं देव जाणे. पोरं बाकी सगळं विसरायची, हे वाक्य विसरायची नाहीत.

सातव्या वर्षी पत्रा फिका पडला. गुलाबी झाला, मग मातीत मिसळायला लागला. दोन पोरं एकाच आठवड्यात उशिरा वळली तेव्हा माझं डोकं फिरलं. एका सोमवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मोटरसायकलला लाल रंगाचा डबा बांधला आणि विचारत विचारत त्या वस्तीवर जाऊन पोहोचलो.

अंगणात साठीची एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. उन्हाने रापलेली, काटक, नऊवारी नेसलेली.

"मावशी, तुमच्या पत्र्याला रंग द्यायचा होता," मी म्हणालो.

तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कंच्या पक्षाचा?"

मी सगळं समजावून सांगितलं. शाळा, माळ, हेलिकॉप्टरं, लाल गोल. ती शेंगा सोलत ऐकत होती.

"म्हंजी ती इमानं आमच्या घरामुळं वळत्यात व्हय? मला वाटायचं, वर त्यांचा काय चौक बिवक हाय." मग तिने हात थांबवला. "मास्तर, वरून आमचं घर दिसतं?"

"दिसतं की."

"अन् मी?"

खरं बोलायची मला एक वाईट खोड आहे. "माणूस नाही दिसत, मावशी. एवढ्या उंचीवरून खांब आहे की बाई, तेही कळत नाही."

तिने मान हलवली. "मी आपली रोज हात करते," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. मला तेव्हाच स्वतःची लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेले होते.

चहा घेता घेता तिने त्या लाल रंगाची गोष्ट सांगितली. ती आणि तिचे मालक आसाराम बावीस वर्षं ऊस तोडायला जात होते. दसरा झाला की घराला कुलूप, बिऱ्हाड ट्रॅक्टरवर आणि मुक्काम संगमनेरकडच्या फडात. परतायचं ते थेट उन्हाळ्यात. परतीच्या वाटेवर एक खिंड लागते, तिथून सगळी वस्ती खाली दिसते. पण ऐन उन्हाळ्यात त्या मातकट रानात तिला आपलं घर काही सापडायचं नाही. दर वर्षी तिच्या काळजात धस्स व्हायचं, की पडलं बिडलं का काय. आसाराम हसायचे. मग एका वर्षी घरावर पत्रे घातले तेव्हा त्यांनी लाल रंग आणला आणि तिला म्हणाले, आता खिंडीतून दिसंल तुला.

"तवापासून खिंड आली की मी ट्रॅक्टरात बोचक्यांवर उभी राहायची," झुंबरबाई म्हणाली. "लाल दिसलं की खाली बसायची. हे म्हनायचे, बघ, हाय का न्हाई जागेवर."

दर दोन वर्षांनी आसाराम स्वतः रंग द्यायचे. करोनाच्या पहिल्या वर्षी ते गेले. पत्र्यावर राहिला होता तो त्यांच्या हातचा शेवटचा रंग. सून जया दोनदा म्हणाली की नवा देऊ, पण झुंबरबाईंनी तिला हात लावू दिला नव्हता. हे ऐकल्यावर मी डबा गुपचूप मोटरसायकलला परत बांधायला लागलो.

"थांबा मास्तर," ती म्हणाली. "ह्या रंगानं तुमची पोरं घरी जात्यात ना?"

"जातात, मावशी."

"मंग द्या. त्यांनी बी त्याच्यासाठीच दिल्ता."

आम्ही दोघांनी मिळून दुपारपर्यंत पत्रा रंगवला. चुलीच्या खोलीवरचा एक पत्रा तिने रंगवू दिला नाही. तो तसाच, फिका, आसारामांचा राहिला.

जाताना तिने माझा नंबर घेतला आणि विचारलं, "कंच्या वारी येत न्हाईत इमानं?" मी म्हणालो, सोमवारी. त्या दिवसापासून पत्र्यावर मिरच्या, शेवया, सांडगे जे काही वाळवायचं ते सोमवारी. आठवड्याचे बाकी सहा दिवस पत्रा मोकळा. कधी आम्हाला सोमवारी उडायचं असलं तर मी आदल्या संध्याकाळी फोन करायचा, असं ठरलं. तिने विमानांचे आवाजही ओळखीचे करून घेतले. "आजचं पोरगं घाई करतंय, लवकर वळलं," असा फोन आला की मी त्या पोराला झापायचो, आणि मास्तरांना कसं कळलं म्हणून पोरगं चकित. तीन वर्षं हे असं सुरळीत चाललं.

मग गेल्या एप्रिलमध्ये आठवडाभर धुरळ्याने आकाश भरलं. एकही विमान उडालं नाही. संगमनेरची रुपाली नावाची मुलगी एकटीने लांबचा फेरा मारायची वाट पाहत होती. तिचे वडील डेअरीत दूध गोळा करतात. वीस वर्षांची, हुशार, पण जरा भित्री. रविवारी संध्याकाळी हवा थोडी निवळली. मी म्हणालो, उद्या सोमवार असला तरी जा. आणि मग इंधनाचा टँकर उशिरा आला म्हणून त्या ड्रायव्हरशी तासभर भांडलो. त्या भांडणात झुंबरबाईंना फोन करायचा राहिला. दुसरं काही कारण नाही. राहिला.

सोमवारी रुपाली साडेनऊला निघाली. मी रेडिओपाशी बसलो होतो. दहा वाजून गेले आणि मोबाईल वाजला.

"मास्तर, आज कुनाला धाडलंय का?"

"हो मावशी, एक मुलगी."

"ती वळली न्हाई. सरळ माळाकडं निघालीय. अन् माझ्या पत्र्यावर कुरडया हायेत."

पहाटेपासून चार घरच्या बायकांनी मिळून गव्हाचा चीक शिजवला होता, आणि वर्षभराच्या कुरडया पांढऱ्या धोतरांवर घातल्या होत्या. सगळा पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की तिथून लाल गोलापर्यंत तीन मिनिटांचं अंतर आहे आणि त्यातलं किती उरलंय ते मला माहीत नाही.

मोबाईल टेबलावर तसाच टाकून मी रेडिओ उचलला. रुपाली शांतपणे म्हणाली, "लाल पत्रा अजून आला नाही सर. समोरून वारा असेल म्हणून पुढे जातेय."

"डावीकडे वळ. आत्ता वळ. पूर्ण मागे फीर."

मग मी माळावरच्या जीपला कळवलं. दोन हेलिकॉप्टरं वर होती. तिथल्या साहेबांनी एकाला खाली बसवलं, दुसऱ्याला दूर नेलं, आणि मला फक्त "समजलं" म्हणाले. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. रुपाली वळली होती. गोलाची कड तेव्हा मिनिटभरावर आली होती.

पण आता ती घाबरली. कुठे आहेस विचारलं तर सांगता येईना. तलाव विचारला तर तो धुरळ्यात दिसेना. घड्याळ काय म्हणतं, दिशा काय, तर उत्तरं उलटसुलट. शिकवलेलं सगळं पुसून गेलं होतं आणि माझं ते एकच वाक्य उरलं होतं. "सर, लाल पत्रा कुठे आहे?" तिने तीनदा विचारलं. विमानात इंधन होतं, पण धीर किती उरला होता ते मला तिच्या आवाजावरून कळत होतं. घाबरलेलं माणूस खाली बघत बघत विमान कसं पाडतं ते मी एकदा पाहिलं आहे.

टेबलावरच्या मोबाईलमधून पत्र्यावर पाय वाजल्याचा आवाज येत होता. मग जयाचा आवाज, "आत्या, खाली या. पडाल तुमी. पाय भाजतील." मग नुसता धडधडाट. मला त्याचा अर्थ लागला नाही. मी रुपालीला एवढंच सांगत राहिलो, की थोडी खाली ये, हळू गोल फिरत राहा, घाई करू नको.

तीन-चार मिनिटं गेली असतील. रेडिओवर इंग्रजीत बोलायचं असतं. रुपाली मराठीत बोलली. "सर, दिसला. लाल पत्रा दिसला. वर कोणीतरी उभं आहे."

मी रेडिओचं बटण दाबलं. "आता डावीकडे," मी म्हणालो.

अकराला ती उतरली. झालेल्या चुकीचा अहवाल मी स्वतः लिहून दिला, त्यात फोन राहिल्याचंही लिहिलं. महिनाभर शिकवायला बंदी झाली, ती रास्तच होती.

दुसऱ्या दिवशी मी रुपालीला घेऊन वस्तीवर गेलो. अंगणात कुरडयांचा भुगा पडला होता, कोंबड्या त्यात यथेच्छ चरत होत्या. झुंबरबाई ओसरीवर पाय पसरून बसली होती. दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि जया त्यावर कोरफड लावत होती. ऐन उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती अनवाणी चढली होती. धोतरं ओढून काढली होती आणि विमानाचा आवाज वळून परत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली होती. चार घरच्या कुरडया तिने स्वतःच्या हाताने खाली फेकल्या होत्या.

माफी कशी मागायची ते मी रस्ताभर घोकत आलो होतो. तोंड उघडलं तर तीच म्हणाली, "मास्तर, ती पोर घरी पोचली का?"

"ही काय," मी म्हणालो.

रुपाली तिच्या पायांकडे बघत उभी होती. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. झुंबरबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "अगं, कुरडया काय, फिरून करता येत्यात. येत्या सोमवारी ये तू बी. मास्तर, तुमी बी या, लई फोन इसरता."

"आजी, मला तुम्ही दिसलात," रुपाली म्हणाली.

झुंबरबाई हसली. "न्हाई गं बाई. वरून मानूस दिसत न्हाई. मास्तरांनीच सांगितलंय मला. खांब का बाई, ते बी कळत न्हाई म्हनले."

मी मान खाली घातली.

"दिसलात," रुपाली म्हणाली. "हिरवं लुगडं होतं. पदर कमरेला खोचला होता. दोन्ही हात वर करून हलवत होतात. मी आधी तुम्हालाच बघितलं, पत्रा मग बघितला."

हिरवं लुगडं दोरीवर वाळत होतं. झुंबरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मी खरंच म्हणून मान हलवली. तिचे डोळे भरून आले. ते पुसायला तिने हात उचलला नाही.

"जया, कोरफड राहू दे जरा," ती म्हणाली. "ही काय सांगती ते ऐक." मग रुपालीचा हात धरून म्हणाली, "फिरून सांग. पैल्यापासनं सांग."

रुपालीने डोळे पुसले आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.