कांबळेकाकांचे दहा महिने

कांबळेकाका पाण्याची बाटली कधी पूर्ण संपवत नसत. तळाशी चार बोटं पाणी उरलं की झाकण घट्ट. इथे परदेशात, ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या रस्त्यावर प्रत्येक घराच्या मागे-पुढे नळ आहेत, तरी भर उन्हातून फिरून आलेला हा माणूस तहानलेला राहील पण ते चार बोटं पाणी पिणार नाही. मी एकदा म्हटलं, अहो काका, प्या की, समोर नळ आहे. तर म्हणाले, "नळ आहे हे मला कळतं गं वैशाली. हाताला कळत नाही."

मी इथल्या मराठी मंडळींचे अर्ज भरून देते. व्हिसाचे, पेन्शनचे, शाळाप्रवेशाचे. शनिवारी आफ्टरनूनला माझ्या डायनिंग टेबलावर हाच उद्योग असतो. जीभ माझी तिखट, हे मलाही ठाऊक आहे. पण एकही अर्ज परत आलेला नव्हता याचा मला भारी तोरा होता. विचारलं तेवढंच सांगा, आपली कहाणी लावू नका, हा माझा नियम. त्या नियमाला कांबळेकाकांनी सुरुंग लावला.

काका मूळचे खडकीचे, डिझेल मेकॅनिक. काकू वारल्यावर घर खायला उठलं, म्हणून मिलिंदने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, त्यांना इकडे आणलं. आले पाहुणा म्हणून. आता कायमचं राहायचं होतं. नात रिया त्यांच्याशी इंग्रजीत बोलायची, ते मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचं झकास चालायचं. शाळेतून आली की आधी आजोबांच्या खोलीत. खडकीला परत जायचं म्हणजे कुलूप उघडून रिकाम्या घरात एकट्याने बसायचं.

पार्कातल्या बाकावर काका वाळवंटाच्या गोष्टी सांगत. सव्विसाव्या वर्षी ते रस्ते बांधणाऱ्या कंपनीबरोबर उत्तर आफ्रिकेत गेले होते. देशाचं नाव मी लिहीत नाही. अर्जात लिहिलंय तेवढं पुरे. तिथे लढाई पेटली. वाळवंटातल्या अरब टोळ्यांनी एका सकाळी कंपनीचा तळ ताब्यात घेतला आणि चार ट्रकांबरोबर मेकॅनिकही उचलला. पुढचे दहा महिने काका त्या लढवय्यांच्या तंबूत राहिले, इंजिनांतली वाळू काढत, त्यांची भाषा शिकत. आमची मंडळी गालातल्या गालात हसायची. "काकांच्या थापा," म्हणायची. मीही त्यातलीच. मिलिंदला मात्र हसू यायचं नाही. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणायचा, "बाबा, पुरे. इथे असलं बोलत नाहीत."

तो का घाबरायचा ते अर्जाच्या सोळाव्या पानावर कळलं. तुम्ही कधी कोणत्या सशस्त्र गटात होतात, किंवा त्याच्यासाठी काम केलंत का? समोर दोन चौकटी, हो आणि नाही. मी पेन 'नाही'वर नेलंसुद्धा होतं. काकांनी माझं मनगट धरलं.

मी समजावलं. पन्नास वर्षं झाली, कोण बघायला येतंय? मिलिंदनेही तेच सांगितलं, मग चढ्या आवाजात सांगितलं. काकांनी माझं मनगट सोडलं नाही. मग मी माझी हुशारी काढली. 'हो' तर 'हो', पण खाली लिहू की बंदुकीच्या धाकाने नेलं, जबरदस्तीने काम करून घेतलं. यात खोटं काय?

"बारा दिवस खरं आहे," काका म्हणाले. "तेराव्या दिवशी सालेमने मला त्यांच्या हद्दीपर्यंत सोडलं. म्हणाला, जा."

सालेम म्हणजे त्या टोळीचा म्होरक्या. काका गेले नाहीत, कारण वाटेत त्यांनी पाण्याचा टँकर बंद पडलेला पाहिला. पंपाचा वायसर, म्हणजे आतली चामड्याची चकती, गेलेला. दोन दिवसांच्या अंतरावर बायकापोरांचे तंबू होते आणि त्यांचं पाणी याच टँकरवर. काकांनी स्वतःच्या चपलेच्या चामड्याचा वायसर कापून बसवला. पंप चालला, पण तो वायसर किती दिवस टिकणार हे फक्त त्यांनाच कळत होतं. म्हणून ते थांबले. त्या दिवशी सालेमने त्यांना आपल्या तंबूत नेऊन आपल्या ताटात जेवायला घातलं. तिथली रीत अशी की एकदा ताटात हात घातला की तो माणूस पाहुणा. त्याच्या जिवासाठी यजमान स्वतःचा जीव देतो. आणि पाहुण्याला जबरदस्तीने ठेवला, असं कोणी म्हटलं तर त्या घराची अब्रू पिढ्यान्‌पिढ्या जाते.

"दोन महिन्यांनी मी तापाने फणफणलो, तेव्हा त्या माणसाने मला दवाखान्यात पोचवायला लढाईतून गाडी काढली. त्याची अब्रू मी व्हिसासाठी घालवू?"

बरं, मग टँकरचं तेवढं लिहू, मी म्हटलं. पाणी, बायका, पोरं. कोणाचंही मन द्रवेल.

"जीपही दुरुस्त केल्या की. जीपवर मशिनगन होती. मला दिसत होती, वैशाली. त्या गाडीने पुढे काय केलं, ते मी विचारलं नाही. हे पण लिही."

मला संताप आला. नियम राहिला बाजूला, हा माणूस स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होता आणि वर माझ्याकडून तो उचलून घेत होता. मी पेन आपटलं. काकांनी ते उचललं, 'हो'च्या चौकटीत सावकाश खूण केली आणि मराठीत अकरा पानं लिहून आणली. मी इंग्रजी केलं, शब्दाला शब्द. करताना दोनदा रडले. पार्कातलं माझं हसणं आठवून स्वतःची लाजही वाटली.

मुलाखतीला मी बरोबर होते. अधिकारी बाई मऊ बोलणारी, काकांना खुर्ची ओढून देणारी. दुभाष्यामार्फत तिने शेवटी विचारलं, तशीच वेळ आली तर पुन्हा थांबाल? मी टेबलाखाली काकांच्या पायावर पाय दिला. ते म्हणाले, "टँकर बंद असेल तर थांबेन." बाईने चष्मा काढला. म्हणाली, तुमचा शब्दन् शब्द मला पटतो, मिस्टर कांबळे, आणि हीच माझी अडचण आहे.

सात महिन्यांनी अर्ज नामंजूर झाला. कारण तेच, सशस्त्र गटासाठी आपखुशीने केलेलं काम. मिलिंद आठवडाभर बापाशी बोलला नाही. एअरपोर्टवर त्याने बॅग ढकलत नेली. रिया गळ्यात पडून हमसून हमसून रडत होती. काका तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा अर्ज परत आला गं माझ्यामुळे. राग धरू नकोस." ताठ मानेने ते आत गेले.

गेल्या वर्षी खडकीतच ते गेले. मिलिंद तिकडचं सगळं उरकून आला आणि आम्ही इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये जमलो. बुद्धवंदना झाली. काकांच्या गोष्टींना थापा म्हणणारे सगळे समोर बसले होते. मिलिंद उठला तो हातात ती अकरा पानं घेऊन. काकांच्या अक्षरातली, मराठीतली. तो वाचू लागला. टँकरपर्यंत आला तेव्हा पहिल्या रांगेतून रियाने विचारलं, "डॅड, इज दॅट व्हाय दे सेंट हिम बॅक?"

मिलिंद थांबला. मला वाटलं, आता पानं घडी करून खाली बसेल.

"हो," तो म्हणाला. "आणि मी त्यांना 'नाही' लिहा म्हणत होतो."

मग त्याने पान उलटलं आणि मशिनगनचं वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात वाचलं.