पुसलेलं कुठे जातं

झेरॉक्सताईंच्या दुकानात प्रिंट काढायला गेलात, की एक जादा काम तुमच्या गळ्यात पडतं. कागद हातात आले की त्या कॉम्प्युटरचा स्क्रीन तुमच्याकडे फिरवतात, माऊस पुढे सरकवतात आणि म्हणतात, "आता तुमची फाईल तुमच्या हातानं पुसा." घाईत असलात तरी सुटका नाही. "तुम्हीच पुसा हो," म्हटलंत तर त्या हाताची घडी घालून उभ्या राहतात. मागे रांग वाढते, माणसं कुरकुरतात, ताई ढिम्म. फाईल गेली, डिलीट केलेल्याचा डबासुद्धा रिकामा झाला, हे तुम्ही बघितलंत की मगच पुढचा नंबर.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्यांच्यापासून चार दुकानं सोडून माझं दुकान. मला हा प्रकार बरीच वर्षं निव्वळ आगाऊपणा वाटायचा. "ताई, तुमच्याकडे काय सरकारी गुपितं छापतात का?" असं मी चिडवायचो. त्या मान वर न करता म्हणायच्या, "सरकारी असती तर एवढं जपलं नसतं."

दुकान जेमतेम आठ फूट रुंद. एका बाजूला झेरॉक्स मशीन, दुसऱ्या बाजूला कागदांचे गठ्ठे, आणि कोपऱ्यात लॅमिनेशनच्या यंत्रापाशी ताईंचे सासरे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. ते निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दारोदार हिंडलो पण कुणाचं उघडं कार्डसुद्धा वाचलं नाही, असं सांगतात. "एखादं तरी वाचलं असेल की आप्पा," असं कुणी म्हणालं, की ते कानातलं यंत्र काढून खिशात ठेवतात. ताईंचा नवरा लांब पल्ल्याचे ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. दुकान हे दोघंच बघतात.

यंदा ताईंचा कॉम्प्युटर रखडायला लागला. मी नवी डिस्क बसवली आणि जुनी पिशवीत टाकायला लागलो. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. जुनी डिस्क दुरुस्तीवाल्यानं न्यायची, ती पुढे जुन्या मालाच्या बाजारात जाते. कुणी विचारत नाही. ताईंनी विचारलं, "त्यात आता काही नाही ना?"

"नाही कसं? थांबा, गंमत दाखवतो," मी म्हणालो. दुसऱ्याला आपल्याइतकं कळत नाही म्हटल्यावर मला चेव येतो, हा माझा जुना रोग आहे.

मी ती डिस्क माझ्या लॅपटॉपला जोडली आणि डिलीट केलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम लावला. थोड्या वेळात स्क्रीनवर नावांची रीघ लागली. ओळखपत्रं, भाडेकरार, पगाराच्या स्लिपा, रक्ताचे रिपोर्ट, घटस्फोटाचे अर्ज. आकडा चढत चढत एकवीस हजारांवर जाऊन थांबला. "अनुक्रमणिकेतून नुसतं नाव जातं, ताई. पान पुस्तकातच असतं. त्यावर दुसरं काही छापलं जाईपर्यंत कुणालाही काढता येतं," मी मास्तरकी करत होतो. मग लक्षात आलं, ताईंनी स्क्रीनकडे पाठ केली होती.

"बंद करा ते," त्या म्हणाल्या. "लोकांनी पुसलंय."

मी बंद केलं. त्या काउंटरवरचे कागद सारखे करत राहिल्या. ते आधीच सारखे होते. मग त्यांनी विचारलं, "दोन वर्षांपूर्वीही तुम्हीच डिस्क बदलली होती. ती कुठाय?"

ती मी त्याच आठवड्यात इतर दहा-बारा डिस्कबरोबर पोत्यात घालून विकली होती. दुसऱ्या दिवशी मी जुना बाजार पालथा घातला. ज्याला विकली तो व्यापारी पोट धरून हसला. ती कुठे गेली हे त्याला सांगता येत नव्हतं, आणि सांगावं असं वाटतही नव्हतं.

मी परत येऊन ताईंना म्हणालो, "झालं ते झालं. दोन वर्षांत काही ऐकू आलं का? मग कशाला बोभाटा? समोर नवं चकचकीत सेंटर निघालंय. तुम्ही तोंड उघडलंत तर उद्यापासून सगळी रांग तिकडे."

"जाऊ दे रांग," ताई म्हणाल्या. "उद्या कुणाच्या नावावर कुणी काही भलतंच केलं, तर त्या बिचाऱ्याला निदान कळायला नको, की कागद कुठून गेले?"

पण सांगणार कुणाला? ताईंनी गिऱ्हाइकांची नावं, नंबर कधी लिहून ठेवलेच नव्हते. यादी होती ती फक्त त्या एकवीस हजार फायलींमध्ये. दोन वर्षांपूर्वीची आणि आताची गिऱ्हाइकं बरीचशी तीच. मी म्हणालो, "यातून सगळ्यांचे नंबर काढतो. अर्ध्या तासात मेसेज जातील."

"नाही. ते उघडायचं नाही."

"अहो, त्यांच्याच भल्यासाठी."

"माझ्यासमोर उभं राहून पुसलंय त्यांनी. आता ते बघायचा हक्क मला नाही आणि तुम्हालाही नाही."

मला खरं म्हणजे राग आला. एवढा सोपा मार्ग आणि ही बाई अडून बसलेली. पण रागाच्या खाली दुसरंही काहीतरी होतं. मी आजवर शेकडो कॉम्प्युटर उघडले, आतलं हवं ते बघितलं, आणि बघायचा हक्क हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी मुकाट्यानं ड्रिल आणलं आणि त्यांच्यासमोर त्या डिस्कला चार भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या दारावर फलक होता, ताईंच्या हातचा. 'फाईल पुसली की ती जाते, असं मी तुम्हाला सांगत आले. ते खरं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथे ज्यांनी प्रिंट काढल्या, त्यांचे कागद एका जुन्या डिस्कबरोबर बाहेर गेले आहेत. ती सापडलेली नाही. बँकेला कळवा, पासवर्ड बदला. जमत नसेल तर आत या, मी शेजारी बसून मदत करते. चूक माझी आहे.' माझं नाव त्यात कुठेही नव्हतं.

मी रस्त्यातच थबकलो. सतरा वर्षं या धंद्यात आहे. लाखो लोकांची माहिती फुटल्यावर मोठ्या कंपन्यांची पत्रं येतात, ती मी वाचलेली आहेत. त्यांत दिलगिरी असते, चूक शोधून सापडत नाही. आणि इथे आठ फुटांच्या दुकानातली बाई, जिला कुणी काही विचारलेलं नव्हतं, आपलं नाव आपल्या हातानं पणाला लावून मोकळी झाली होती. मला त्या फलकासमोर चपला काढाव्याशा वाटल्या.

लोकांना तसं वाटलं नाही. एकानं भर दुकानात शिव्या घातल्या. काहींनी ताईंना वेड्यात काढलं. रांग समोरच्या सेंटरमध्ये गेली, आप्पांचं लॅमिनेशनचं यंत्र थंड पडून राहिलं. आलेल्या प्रत्येकाला मात्र ताई आधी फलक वाचायला लावत होत्या, मग कामाचं विचारत होत्या.

चौथ्या दिवशी शाळेतल्या एक बाई आल्या. मी तेव्हा प्रिंटरची शाई बदलत होतो. बाईंनी फलक दोनदा वाचला.

"माझे दवाखान्याचे कागदसुद्धा?"

"कधी काढले होते?"

"तीन वर्षं झाली."

"मग हो. गेले तेही," ताई म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली नाही.

बाई स्टुलावर बसल्या. "शाळेत कुणालाच माहीत नाही," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ती डिस्क बाहेर नेली कुणी?"

"डिस्क माझी होती," ताई म्हणाल्या. "ती जाते कुठे, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं."

मी हातातला शाईचा डबा खाली ठेवला. "मी नेली," मी म्हणालो. "मीच विकली."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मागच्या वर्षी माझ्या लॅपटॉपची डिस्कही तुम्हीच बदललीत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या दिवशी मी दुकान बंद करून आत फलक लिहायला बसलो. सतरा वर्षांच्या डिस्क होत्या, त्यामुळे मजकूर लांबत गेला. तो कसाबसा झाला. शेवटच्या तीन शब्दांपाशी मात्र माझा हात अडला, आणि ताईंनी ते एका बैठकीत कसे लिहिले असतील, याचा विचार करत मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो.