थोरल्या घराचा शब्द

राजन सुर्वे सर आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि दुबईत सिलिकॉन ओएसिसजवळच्या एका खासगी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवतात. माझं ऑफिसही तिकडेच, म्हणून अल मनखूलहून रोज सकाळी मी त्यांच्या गाडीतून जाते. पेट्रोलचे पैसे ते घेत नाहीत, त्याबदल्यात ऐकून घ्यावं लागतं. रास अल खोर येईपर्यंत भारतातल्या निवडणुका आटोपतात, पुढे अमेरिकेचं आयातशुल्क, मग एआयमुळे पोरांचं डोकं कसं गंजत चाललंय ते. माझ्या ऑफिसच्या दारात गाडी थांबते तेव्हा मध्यमवर्गाला त्यांनी नुकतंच कुठे फैलावर घेतलेलं असतं.

पूर्वी ते मराठी वर्तमानपत्रांत लिहायचे. आता लिहीत नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "वैभवी, इथल्याबद्दल आपण बोलायचं नाही, आपण पाहुणे. तिथल्याबद्दल बोललं की लोक म्हणतात, तुम्ही एसीत बसून आम्हाला अक्कल शिकवू नका. मग ऐकायला उरतं कोण? तू." मला त्यांचा कंटाळा येतो आणि ते रजेवर असले की प्रवास खायला उठतो. दोन्ही खरं आहे.

त्यांना नुसतं 'राजन' म्हणणारा दुबईत एकच माणूस आहे, नूरुद्दीनभाई. दोघं रत्नागिरीकडच्या नांदळे गावचे, एका वर्गातले. नूरुद्दीनभाईंचा रास अल खोरच्या बाजारात भाजीचा घाऊक धंदा आहे. रविवारी ते भेंडीचा नाहीतर दुधी-पडवळाचा खोका घेऊन येतात, सर त्यांना जगाची परिस्थिती समजावून सांगतात आणि ते सोफ्यावर बसून मजेत ऐकतात.

यंदा शिमगा रमजानात आला. रोजे नुकतेच सुरू झाले होते तेव्हा नूरुद्दीनभाई एका रविवारी आले, ते खोक्याशिवाय. मी अनुराधाताईंकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे बसले होते.

"राजन, गावात काही पोरं म्हणतायत, पालखी आमच्या अंगणात न्यायची नाही."

शिमग्यात नांदळ्याच्या देवीची पालखी घरोघर फिरते. नूरुद्दीनभाईंच्या अंगणातही ती कुणालाही आठवतंय तेव्हापासून थांबते. त्यांची आई, मैमुनाबी, देवीला नारळ देते, पालखी नाचवणाऱ्यांना सरबत देते आणि पालखी पुढे जाते. सुर्व्यांचं घर मानकऱ्यांचं, म्हणून थोरलं. पालखीची वाट दरवर्षी गावच्या सभेत ठरते आणि थोरल्या घराचा शब्द घेतल्याशिवाय ती पक्की होत नाही. वडील गेल्यापासून हा शब्द सरांचा. हल्ली तो झूमवर देतात.

"पुढच्या रविवारी मीटिंग आहे," नूरुद्दीनभाई म्हणाले. "तू फक्त एवढंच म्हण, पालखी थांबते तिथे थांबेल. बास."

"हे मला सांगावं लागतं का? पण नूर, हे एका मोठ्या प्रोसेसचा भाग आहे. लोकांची असुरक्षितता अशा ठिकाणी..."

"हबीबी, प्रोसेस राहू दे. आईला काय सांगू?"

"सांग, थांबेल. मी आहे ना."

नूरुद्दीनभाईंनी तिथूनच आईला फोन लावला आणि सांगून टाकलं.

मधल्या आठवड्यात आम्ही गाडीत असताना सरांच्या धाकट्या भावाचा, धनंजयचा फोन आला. गावात त्याचं मेडिकलचं दुकान आहे. फोन गाडीच्या स्पीकरवरच लागतो, त्यामुळे मलाही ऐकावं लागलं.

"दादा, रविवारी तू बोलशील आणि लॅपटॉप मिटशील. सोमवारी दुकान मला उघडायचंय. सुर्व्यांकडून औषध घेऊ नका, असा मेसेज फिरायला कितीसा वेळ लागतो?"

"धनू, पण हे चूक आहे."

"चूक आहे हे मला कळत नाही का? मैमुनाबीनं मला कडेवर खेळवलंय. तू इकडे येऊन वर्षभर राहा, माझ्या शेजारी दुकानात बस, मग पाहिजे ते बोल."

वर्षभर तिकडे राहिलं तर सरांची इथली नोकरी जाते, नोकरीबरोबर व्हिसा जातो, आणि लेकीची, शुभ्राची, बारावी. हे धनंजयला सांगण्यात अर्थ नव्हता. फोन बंद झाल्यावर मी वाट पाहिली की आता काहीतरी विश्लेषण येईल. ऑफिस आलं तरी आलं नाही.

रविवारी झूम लावून द्यायला मला बोलावलं होतं. विद्यापीठात रोज वापरतात, तरी घरी त्यांना ते जमत नाही. डायनिंग टेबलावर लॅपटॉप. नूरुद्दीनभाई सोफ्यावर, कॅमेऱ्यात दिसणार नाहीत असे. त्यांचा रोजा म्हणून अनुराधाताईंनी कुणालाच चहा केला नव्हता. शुभ्रा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"थोरल्या घराचं म्हणणं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

सर बोलले, आणि खोटं कशाला बोलू, सुंदर बोलले. कोकणात देव आणि पीर एकमेकांचे शेजारी कसे झाले, बंदरांनी माणसं कशी जोडली, परंपरा म्हणजे नेमकं काय. नूरुद्दीनभाई पुढे झुकून ऐकत होते. त्यांना हवं असलेलं एक वाक्य दोनदा अगदी तोंडापर्यंत आलं. दोन्ही वेळा सरांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनाकडे गेली. तिथे धनंजय बसला होता, मागे औषधांची कपाटं, मान खाली.

"बाबा, जस्ट से इट," शुभ्रा हळूच म्हणाली.

"तर," सर म्हणाले, "गावानं सर्व बाजूंनी विचार करून निर्णय घ्यावा."

"सरांनी फार छान मांडलं," अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे वाट बदलायला थोरल्या घराची हरकत नाही, असं धरतो."

"तसं नाही, माझं म्हणणं एवढंच की..." सर म्हणाले. पण तोवर अध्यक्ष आभार मानायला लागले होते आणि चौकोन एकेक करून गळायला लागले होते.

मला इतका संताप आला की बोलायला तोंड उघडलं. मग सरांचा चेहरा पाहिला आणि मिटलं. इतका दमलेला माणूस मी जवळून पाहिला नव्हता. नूरुद्दीनभाई उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"धनूचं दुकान आहे रे तिथे. समजतं मला. चल, नमाजाची वेळ झाली." आणि गेले. त्यांनी भांडण केलं असतं तर सरांना सोपं गेलं असतं, असं मला वाटलं.

दर रमजानात नूरुद्दीनभाई एक रोजा सुर्व्यांकडे सोडतात. अनुराधाताईंनी ते ठरलेलं मोडलं नाही, त्यांनीही मोडलं नाही. दिवस नेमका पालखी त्यांच्या वाडीत फिरायचा निघाला. टेबलावर खजूर, कांदाभजी, कोकम सरबत. बांग झाली, त्यांनी खजूर तोंडात घातला आणि फोन वाजला. बोटं चिकट, म्हणून त्यांनी कोपरानं स्पीकर लावला.

"नूरू, रोजा सोडलास?" मैमुनाबीचा आवाज मोठा होता, कमी ऐकू येणाऱ्या माणसांचा असतो तसा.

"सोडला, मा."

"पालखी गेली. रस्त्यानंच गेली. मी नारळ घेऊन दारात उभी होते. वाटलं, मागच्या वाटेनं फिरून येईल. ढोल पार नदीपर्यंत गेला तरी उभी होते."

"मा, तू आत जा. आधी पाणी पी."

"पीते. तू ऐक. राजनला यातलं काही सांगू नको. त्याला कुणी विचारलंच नसणार. विचारलं असतं तर त्यानं थांबवली असती. उगाच परमुलखात मनाला लावून घेईल पोर."

सर फोनपासून हातभर अंतरावर बसले होते.

"नाही सांगत," नूरुद्दीनभाई म्हणाले.

"नारळ ठेवलाय तसाच. मे महिन्यात राजन येईल ना, त्याच्याच हातानं देवळात पाठवीन. त्याला कोण नाही म्हणणार?"