रखमाजीमामांचा विजेशी तह

रखमाजीमामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन घनसावंगीला घरी बसले आणि जी नजर त्यांनी उभा जन्म पॅसेंजरवर ठेवली, ती आता घरातल्या पिनांवर ठेवू लागले. टीव्हीची पिन, फ्रिजची पिन, मिक्सरची पिन. आभाळात रुमालाएवढा ढग दिसला की मामा उठायचे आणि बोर्डातली एकेक पिन उपटून मोकळे व्हायचे.

तसं कारणही होतं. पहिला रंगीत टीव्ही घरात आला त्याच आठवड्यात गावाबाहेर वीज पडली, आणि टीव्हीच्या पाठीतून असा धूर निघाला की मामांनी त्याच्यावर पाण्याचा तांब्या मारला. बायको द्वारकाबाई म्हणायच्या, टीव्ही विजेनं गेला का तांब्यानं, हे आजवर कळलेलं नाही.

स्वतःच्या घरापुरतं हे चाललं असतं तर कोण बोलणार होतं? पण गावातल्या कचरूच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात आली असताना मामांना पश्चिमेला काळं दिसलं. त्यांनी मांडवामागं जाऊन माइकची पिन काढली. वऱ्हाडाला 'शुभ मंगल' ऐकू आलं, 'सावधान' काही आलं नाही. अर्ध्या लोकांनी अक्षता टाकल्या, अर्धे मुठी आवळून उभे. तेव्हापासून गाव त्यांना पिनमामा म्हणू लागलं, आणि लग्नाचं निमंत्रण देताना लोक हळूच विचारायचे, "मामा, हवामान बघून याल ना?"

खरी पंचाईत झाली सून शीतल हिची. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जायचा, आणि शीतलनं घरच्या पुढच्या खोलीत भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन घेतली होती. नवरीच्या ब्लाउजच्या पाठीवर मोर काढायचं काम चाललं होतं. ती चहा टाकायला आत गेली, तेवढ्यात बाहेर गडगडलं. मामांनी पिन काढली. ढग पुढं सरकल्यावर मशीन पुन्हा चालू केली, तर सुईनं बोटभर बाजूला टाके घातले. मोराला दोन माना झाल्या.

शीतल चिडली, पण आवाज चढवला नाही. ब्लाउज सासऱ्यांपुढं धरला. "मामा, ह्याला आता मी काय म्हणू?"

मामांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मोर-लांडोर म्हण. जोडी हाय."

दुसऱ्या दिवशी शीतलनं इलेक्ट्रिशियन बदरोद्दीनला बोलावलं. बदरोद्दीन आणि मामा एका वर्गात शिकलेले, त्यामुळं बोलणं सरळच असायचं.

"रखमाजी, तू पिना काढून काढून बोर्ड ढिले करून ठेवले," बदरोद्दीन म्हणाला. "सर्ज प्रोटेक्टर बसवू. ही डबी मेन बोर्डात बसती. तारेतून एकदम जास्तीचा झटका आला की ती त्याला घरात शिरू देत न्हाई, जमिनीत उतरवती. पण त्यासाठी अर्थिंग पाहिजे. तुझ्या घराला अर्थिंग हाय कुठं?"

"हाय की. ती काय, हिरवी वायर."

बदरोद्दीननं ती हिरवी वायर ओढली. ती भिंतीच्या मागं खिळ्याला गुंडाळलेली होती आणि तिच्यावर द्वारकाबाईंची फडकी वाळत होती.

मग अंगणात खड्डा खणला, रॉड घातला, कोळसा आणि मीठ टाकलं. बोर्डात डबी बसली. तिला नखाएवढी खिडकी होती, आणि खिडकीत हिरवा रंग. हिरवं आहे तोवर डबी जिवंत, असं बदरोद्दीननं सांगितलं. खड्डा ओला ठेवायलाही सांगितलं.

"आणि थेट घरावरच वीज कोसळली तर?" मामांनी विचारलं.

"तर ही बी काही करू शकत न्हाई, मी बी न्हाई. पण लांब कुठं खांबावर पडली अन् झटका तारेनं इथवर आला, तर ही बराबर संभाळती."

मामांचा विश्वास बसला असं नाही. पण काम मिळालं. सकाळ-संध्याकाळ ते खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचे. तुळस कडेला सुकून चालली होती, अर्थिंग मात्र तृप्त होतं. दिवसातून कितीदा तरी मामा बोर्डापुढं उभे राहून खिडकीत डोकावायचे. पिना मात्र काढायच्या नाहीत, असा शब्द शीतलनं त्यांच्याकडून घेतला होता.

मे महिन्यात मामा बहिणीकडं कुंभार पिंपळगावला गेले होते. दुपारीच घनसावंगीच्या बाजूला आभाळ फाटल्यासारखं झालं. मामांनी घरी फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. ताटावरून उठून ते जीपमध्ये बसले आणि वाटभर ड्रायव्हरला म्हणत राहिले, "जल्दी घे बाबा, घरी पिना लावलेल्या हायेत." ड्रायव्हरला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. त्यानं एकही थांबा घेतला नाही.

गल्लीत शिरले तर शेजारी साळूबाई दारातच रडकुंडीला आलेली. "मामा, टीव्ही बी गेला, फ्रिज बी गेला!" नाक्याजवळच्या खांबावर वीज पडली होती. मामा धावत घरात शिरले. शीतल मशीनवर बसून वेलबुट्टी काढत होती. लाइट नुकतीच परत आली होती. पंखा फिरत होता, फ्रिज घुरघुरत होता.

मामा बोर्डापुढं गेले. खिडकी लाल झाली होती.

"डबी मेली!" मामा ओरडले. "फसवलं बदरोद्दीननं! घरात समदं चालू, अन् जिला आणलं तीच बंद!" आणि तसेच ते बदरोद्दीनला हाताला धरून घेऊन आले.

बदरोद्दीननं लाल खिडकी पाहिली, शेजारच्या घरात जाऊन आला आणि हसला. "अरे, झटका तुझ्या घरी बी आल्ता. तो हिनं अंगावर घेतला, जमिनीत घातला. तिच्यात जेवढा दम होता तेवढा संपला. आता नवी बसवायची, बस."

मामांनी लाल खिडकीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे, जादा पॅसेंजर चढून राह्यले होते, अन् हिनं मागच्या दारानं उतरून टाकले."

"बिलकुल."

डबी बोर्डातून निघाल्यावर मामांनी ती हातात घेतली, बनियनच्या टोकानं पुसली. त्यांचे डोळे भरून आले होते. शीतलनं ते पाहिलं आणि मुद्दाम मशीनवर जास्त वाकली.

एवढ्यात बदरोद्दीनचा फोन वाजला. पलीकडून त्याची बायको लालबी इतक्या जोरात बोलत होती की सगळ्यांना ऐकू आलं. घरचा टीव्ही, मिक्सर आणि पाण्याची मोटार, तिन्ही गेले होते. गावभर डब्या बसवत फिरतोस आणि स्वतःच्या घरी का नाही, असं ती विचारत होती.

"वेळच भेटला न्हाई," बदरोद्दीन पुटपुटला.

मामांच्या अंगात कंडक्टर संचारला. त्यांनी फोन घेतला. "भाभी, मी रखमाजी बोलून राह्यलो. मी येतो याला घेऊन. अंगणात जागा दाखवा, खड्डा आजच खणतो."

त्यांनी कुदळ उचलली, मिठाची पिशवी बदरोद्दीनच्या काखेत दिली आणि त्याला पुढं घालून निघाले. लालबीच्या अंगणात जागेवरून दोघांचं भांडण झालं. मामांना खड्डा मोरीजवळ हवा होता, म्हणजे आपोआप ओला राहील. बदरोद्दीन म्हणत होता, तिथं पाइप आहे. लालबीनं चहाच्या कपबशा आणून ठेवल्या आणि बोटानं मोगऱ्याच्या कडेची जागा दाखवली. दोघांनी मुकाट्यानं तिथं खणायला घेतलं.